पोपच्या मरणाचे भाकीत

1 एप्रिल 1631 रोजी पोप आठवे अर्बन यांनी रोमहून एक आज्ञापत्र काढले. पोप केव्हा मरणार, किंवा त्यांचे तिसऱ्या नात्यापर्यंतचे आप्त केव्हा मरणार, हे ग्रहताऱ्यांवरून जो कोणी सांगेल तो राजद्रोही ठरेल, असे त्यात म्हटले होते. शिक्षा देहदंडाची, वर मालमत्ता जप्त. भाकीत खरे निघाले का खोटे, याच्याशी आज्ञापत्राला कर्तव्य नव्हते. ते वर्तवणे हाच गुन्हा.

त्याआधी तीन वर्षे, 1628 मध्ये, हेच पोप ग्रहणाची पीडा टळावी म्हणून एका बंद खोलीत बसले होते. सोबत होता तोम्मासो काम्पानेल्ला नावाचा डॉमिनिकन संन्यासी. ग्रहणाने बाहेरची हवा दूषित होते, असे तो मानत असे. म्हणून आधी खोलीच्या सगळ्या फटी बुजवण्यात आल्या. मग गुलाबाचे व्हिनेगर आणि सुगंधी अर्क शिंपडले गेले, रोझमेरी, लॉरेल आणि सुरूच्या डहाळ्यांची धुरी दिली गेली. भिंतींवर पांढरे रेशमी पडदे सोडले, हिरव्या फांद्या लावल्या. दोन मेणबत्त्या आणि पाच मशाली पेटवल्या: सूर्य, चंद्र आणि पाच ग्रह. बाहेरचे आकाश ग्रहणाने बिघडलेले, तेव्हा खोलीत दुसरे, निर्दोष आकाश मांडायचे. सूर्य मावळल्यावर आपण दिवा लावतो, तसेच हे आहे, असे काम्पानेल्लाने स्वतःच लिहून ठेवले आहे. गुरू आणि शुक्र या शुभ ग्रहांचे संगीत वाजवले जाई. त्यांचीच रत्ने, त्यांचेच रंग, त्यांच्याच वनस्पती मांडलेल्या असत. ग्रहस्थिती पाहून गाळलेले मद्य प्यायला दिले जाई. खोलीत बाकी जी माणसे होती तीही निवडून घेतलेली; ज्यांच्या पत्रिकेला हे ग्रहण बाधत नव्हते अशीच.

मराठी वाचकाला यात नवग्रहशांत दिसेल, आणि ते चूक नाही. आपल्याकडेही प्रत्येक ग्रहाची समिधा वेगळी, धान्य वेगळे, रत्न वेगळे, वस्त्राचा रंग वेगळा. बारा राशी, जन्मलग्न आणि बारा घरे ही मांडणी ग्रीक जगातून दोन्हीकडे गेली. एक वाट पश्चिमेकडे, एक भारताकडे. यवन म्लेच्छ असले तरी या शास्त्रामुळे ऋषींसारखे पूज्य आहेत, असे वराहमिहिरानेच म्हटले आहे. नवल त्या विधीचे वाटत नाही. नवल वाटते ते तो कोणी करावा याचे. ज्या धर्माने जवळजवळ हजार-बाराशे वर्षे पत्रिका पाहणे हे पाप मानले, त्या धर्माचा प्रमुख शनी-मंगळाच्या भीतीने खोलीच्या फटी बुजवून बसला होता.

या विरोधाची सुरुवात एका अडचणीपासून होते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात येशूच्या जन्माची खबर सर्वांत आधी लागते ती पूर्वेकडच्या मागी लोकांना, आणि ती लागते एका ताऱ्यावरून. म्हणजे तारे पाहणारेच पहिले यात्रेकरू. पुढे परंपरेने त्यांना तीन राजे केले. गोव्यात मांडवीच्या उत्तर तीरावर 1555 मध्ये बारदेशातले पहिले चर्च उभे राहिले ते याच तीन राजांच्या नावाने, रेइस मागोस. तिथे आणि चांदोरलाही दरवर्षी 6 जानेवारीच्या सणाला तीन मुलगे डोक्यावर मुकुट घालून राजांच्या वेषात मिरवतात. ताऱ्यावरून देवाचा जन्म कळतो, तर ताऱ्यावरून माणसाचे नशीब का कळू नये, हा प्रश्न पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांना विचारला जाणारच होता. कार्थेजच्या तेर्तुल्लियनने इसवी सन 200 च्या आसपास त्याला उत्तर दिले: ही विद्या शुभवर्तमान येईपर्यंतच चालू ठेवली होती, ख्रिस्तानंतर कोणाची पत्रिका मांडण्याचे कारण उरले नाही. उत्तर चतुर आहे, पण त्याने कोणाचे समाधान झाले असेल असे वाटत नाही.

त्याहून भक्कम उत्तर चौथ्या शतकात कप्पादोकियातल्या कैसरियामध्ये मिळाले. आजच्या तुर्कस्तानातले कायसेरी ते हेच. तिथले बिशप बासील यांनी सृष्टीच्या सहा दिवसांवर प्रवचने दिली. ती ऐकायला रोजच्या मजुरीवर पोट भरणारे कारागीरही येत, आणि बासील त्यांना समजेल असेच बोलत. ज्योतिषी म्हणतात, की जन्माचा क्षण बिनचूक हवा. घटकेचा साठावा भाग, त्याचाही साठावा भाग इकडेतिकडे झाला तर फळ बदलते. ठीक आहे, असे म्हणून बासील श्रोत्यांना थेट बाळंतिणीच्या खोलीत नेतात. मूल बाहेर येते. सुईण आधी मुलगा की मुलगी ते पाहते. मग ते रडेपर्यंत थांबते, कारण रडले तरच ते जिवंत. तेवढ्यात किती क्षण गेले? मग ती बाहेर बसलेल्या ज्योतिष्याला हाक मारते. तिच्या तोंडून शब्द निघेपर्यंत किती गेले? ज्योतिषी उठून आकाशाकडे पाहतो, उपकरण लावतो, लग्न कोणते ते ठरवतो. तोवर आकाश कुठच्या कुठे गेलेले असते.

बासील यांचा दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे. माणसाचे चांगले-वाईट ग्रहांनी ठरवले असेल, तर कायदे कशाला आणि न्यायाधीश कशाला? चोराला शिक्षा कशी करणार, त्याचा हात त्याच्या ताब्यातच नव्हता. शेतकऱ्याने पेरणी तरी का करावी? नशिबात असेल तर कणगी आपोआप भरेल. घामावर जगणाऱ्या माणसांपुढे हे बोलले गेले, हे लक्षात घेतले की त्याचे वजन कळते.

ऑगस्टीन यांना हा प्रश्न पुस्तकातून भेटला नाही. आजच्या अल्जीरियातल्या थागास्ते गावी 354 मध्ये जन्मलेला हा तरुण शिक्षक स्वतःच ज्योतिषाच्या नादी लागला होता. विंदिकियानुस नावाच्या एका म्हाताऱ्या, नाणावलेल्या वैद्याने त्याला ही पुस्तके फेकून दे म्हणून सांगितले; आपणही तरुणपणी ही विद्या पोटासाठी शिकलो होतो आणि खोटी निघाली म्हणून सोडली, असेही त्याने सांगितले. नेब्रिदियुस हा मित्र तर हसायचाच. ऑगस्टीन ऐकत नव्हते. ज्योतिष्यांचे बोलणे त्यांना का गोड लागत होते, ते त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात मोकळेपणाने लिहिले आहे: पाप शुक्राने घडवले, शनीने घडवले किंवा मंगळाने घडवले, असे कळले की आपण सुटतो.

त्यांना सोडवले ते एका ऐकीव हकिकतीने. फिर्मीनुस नावाचा सुखवस्तू घरातला एक ओळखीचा गृहस्थ त्यांच्याकडे पत्रिकेबद्दल विचारायला आला आणि बोलता बोलता घरातली गोष्ट सांगून गेला. फिर्मीनुसच्या वडिलांना ज्योतिषाचे वेड होते, त्यांच्या एका मित्रालाही तेवढेच. घरातली मुकी जनावरे व्याली तरी दोघे वेळ टिपून ठेवत. फिर्मीनुसची आई गरोदर राहिली, त्याच वेळी मित्राच्या घरची एक गुलाम स्त्रीही गरोदर राहिली. दोघांनी दिवस मोजले, घटका मोजल्या. दोघी एकाच वेळी बाळंत झाल्या. दोन्ही घरांतून एकमेकांकडे खबर घेऊन माणसे धावली आणि ती बरोबर अर्ध्या वाटेवर भेटली. दोन्ही मुलांची पत्रिका एकच, तिच्यात बारीकसाही फरक करता येईना. फिर्मीनुस मोठा झाला, पैसा आणि मान मिळवता झाला. गुलाम स्त्रीचा मुलगा गुलामच राहिला. मालकाची सेवा करत राहिला.

ऑगस्टीन यांनी यावरून जे ताडले ते साधे आहे. ज्योतिष्याला दोघांबद्दल खरे सांगायचे असेल तर एकच पत्रिका पाहून दोन वेगळी भविष्ये सांगावी लागतील, आणि त्यासाठी त्याला आधी विचारावे लागेल की हे मूल कोणत्या घरचे. मग ग्रहांनी काय सांगितले? पुढे आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांनी जुळ्यांचा मुद्दा सविस्तर मांडला: याकोब आणि एसाव एका उदरातून लागोपाठ आले, पण दोघांची आयुष्ये किती वेगळी झाली. तो मुद्दा अधिक गाजला. तरी त्या गुलाम मुलाची गोष्टच खरी मोलाची आहे. पाचव्या शतकाच्या उंबरठ्यावर एका धर्मपंडिताला हे दिसले, की माणसाच्या आयुष्याची पट्टी आकाशात आखलेली नसते, ती घरात, मालकीत, पैशात आखलेली असते. गुलामगिरी मोडावी असे ऑगस्टीन यांनी म्हटले नाही, हेही तेवढेच खरे. पण ती ग्रहांच्या माथी मारू दिली नाही.

इथून पुढे चर्चची शिकवण कागदावर पक्की झाली. पोर्तुगालमधल्या ब्रागा इथे 561 मध्ये भरलेल्या धर्मसभेने जाहीर केले, की माणसाचा देह आणि आत्मा ताऱ्यांना बांधलेले आहेत किंवा बारा राशी शरीराच्या वेगवेगळ्या अवयवांवर अंमल करतात, असे मानणारा धर्माबाहेर.

व्यवहारात मात्र काही शतकांनी चित्र उलटले. बाराव्या शतकात स्पेनमध्ये अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली. टॉलेमीचा जातकावरचा ग्रंथ 1138 मध्ये लॅटिनमध्ये आला, अबू माशरचेही आले. विद्यापीठांत ही विद्या वैद्यकाचा भाग म्हणून शिकवली जाऊ लागली. रक्त काढायचे, तर चंद्र कोणत्या राशीत आहे ते पाहून. शार्त्रच्या कॅथेड्रलच्या दर्शनी दारावर राशिचक्र कोरले गेले, फ्लोरेन्सच्या सान मिनियातो चर्चच्या फरशीत 1207 मध्ये संगमरवराचे राशिचक्र बसवले गेले. बेरीच्या ड्यूकसाठी पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला सजवलेले सुप्रसिद्ध प्रार्थनापुस्तक आज शांतीयीच्या संग्रहालयात आहे. त्यात एका पानावर एक नग्न देह आहे आणि त्याच्या डोक्यावर मेष, पायांशी मीन, मध्ये क्रमाने बाकीच्या दहा राशी. ब्रागाच्या सभेने शापिलेली कल्पना नेमकी प्रार्थनेच्या पुस्तकात जाऊन बसली, आणि कोणाला खटकले नाही.

खटकले नाही, कारण तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी एक तडजोड करून ठेवली होती. तारे देहावर परिणाम करतात, असे त्यांनी मान्य केले. समुद्राची भरती चंद्राने येते तसे शरीरातले रसही हलतात. देह हलला की वासना हलतात, आणि बहुतेक माणसे वासनांच्या मागे जातात. म्हणून युद्ध, दुष्काळ अशा समूहाच्या गोष्टींत ज्योतिष्याचे म्हणणे पुष्कळदा खरे ठरते. पण इच्छाशक्ती देहाची नाही, आत्म्याची आहे, आणि तिच्यावर ताऱ्यांची सत्ता चालत नाही. म्हणून एखाद्या माणसाबद्दल अमुक होणारच असे सांगणे हे पाप. ही वाट मोठी हुशारीने काढली होती, पण ती इतकी रुंद होती की तिच्यातून सगळे निसटले. प्रत्येक ज्योतिषी म्हणू लागला की आपण फक्त कल सांगतो.

कधीकधी चर्च एखाद्याला पकडी. बोलोन्यात ज्योतिष शिकवणारा चेक्को द'आस्कोली 1327 मध्ये फ्लोरेन्समध्ये जिवंत जाळला गेला. दुसऱ्या टोकाला कार्डिनल प्येर दायी. त्यांनी 1414 मध्ये गुरू-शनीच्या युतींवरून जगाचा इतिहास मांडला आणि तोवर जग टिकले तर 1789 मध्ये मोठी उलथापालथ होईल, असे लिहून ठेवले. फ्रेंच राज्यक्रांतीचे ते साल. हे भाकीत आजही कौतुकाने सांगितले जाते. विंदिकियानुसने तरुण ऑगस्टीन यांना अशाच गोष्टींबद्दल सांगितले होते: पुष्कळ बोलले की त्यातले काही योगायोगाने लागते.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस पिको देल्ला मिरांदोला याने फलज्योतिषावर सर्वांत मोठा हल्ला चढवला. त्याने नुसता वाद घातला नाही. हवामानाच्या नोंदी स्वतः ठेवून पंचांगकर्त्यांच्या अंदाजांशी ताडून पाहिल्या. 1494 मध्ये, एकतिसाव्या वर्षीच तो गेला. पुस्तक दोन वर्षांनी निघाले. त्याचे अल्पायुष्य आम्ही आधीच वर्तवले होते, असे म्हणायला ज्योतिषी मोकळे झाले.

मग आला लूका गाउरिको. नेपल्सच्या राज्यातला हा ज्योतिषी पोप तिसरे पॉल यांच्या इतका मर्जीतला की त्याला बिशप केले गेले. त्याचा एक उद्योग पाहण्यासारखा आहे. 1484 मध्ये वृश्चिक राशीत गुरू आणि शनीची युती झाली होती, आणि त्या सुमारास एक खोटा संदेष्टा जन्मेल अशी हवा होती. चर्चविरुद्ध उठलेले प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर हाच तो, असे दाखवायचे होते, पण ते 10 नोव्हेंबर 1483 चे. एका वर्षाचा फरक पडत होता. गाउरिकोने जन्मतारीख सरळ 22 ऑक्टोबर 1484 करून टाकली आणि त्या पत्रिकेवरून ल्यूथर नरकात जाणार असे सिद्ध केले. याहून विलक्षण पुढचे. ल्यूथर यांचा उजवा हात फिलिप मेलांख्थोन याचाही ज्योतिषावर गाढ विश्वास होता, आणि तो या चौकशीत गुंतला. त्याने ल्यूथर यांच्या आईलाच विचारले. तिला दिवस आणि वेळ पक्की आठवत होती, वर्ष आठवत नव्हते. स्वतः ल्यूथर यांना या सगळ्याचा कंटाळा. याकोब आणि एसावचे उदाहरण ते जेवणाच्या टेबलावर मित्रांना ऐकवत. जिनीव्हात दुसरे धर्मसुधारक कॅल्विन यांनी 1549 मध्ये ज्योतिषाविरुद्ध स्वतंत्र पुस्तिका काढली. ल्यूथर आणि मेलांख्थोन यांचे या प्रश्नावर एकमत होऊ शकले नाही, पण त्यामुळे त्यांची मैत्री तुटली नाही.

कॅथलिक बाजूला 1586 मध्ये पोप पाचवे सिक्स्टस यांनी फलज्योतिषावर कडक बंदी घातली. माणसाच्या पुढच्या आयुष्याबद्दल ताऱ्यांवरून बोलायचे नाही. कलच फक्त सांगतो, ही सबबही चालणार नाही. मोकळीक ठेवली ती शेती, नौकानयन आणि वैद्यक या तीन गोष्टींपुरती. अक्वायनस यांची रुंद वाट त्यांनी बंद केली. निदान कागदावर. पादुआत गणित शिकवणारे गॅलिलिओ पगार पुरत नाही म्हणून पत्रिका करून देत. आपल्या दोन मुलींच्या पत्रिकाही त्यांनी मांडल्या होत्या. 1604 मध्ये त्यांच्या घरी काम केलेल्या एका लेखनिकाने धर्मन्यायसभेकडे तक्रार केली, की गॅलिलिओ एका गिऱ्हाइकाला अजून वीस वर्षे जगशील असे सांगतात आणि ते घडणारच म्हणतात. तक्रारीतले विष त्या 'घडणारच' मध्ये होते. व्हेनिसच्या सरकारने ती मोडीत काढली. 1609 मध्ये टस्कनीच्या आजारी ग्रँड ड्यूकची पत्रिका पाहून गॅलिलिओंनी दीर्घायुष्य सांगितले. थोड्याच दिवसांत ड्यूक वारला.

आठवे अर्बन, म्हणजे माफेओ बार्बेरिनी, 1623 मध्ये पोप झाले तेव्हा रोम हे असे होते. ते विद्वान होते, लॅटिनमध्ये कविता करत. रोममध्ये राहणाऱ्या कार्डिनलांच्या पत्रिका त्यांनी करवून घेतल्या होत्या आणि कोण कधी मरेल हे ते उघड बोलून दाखवत. ही सवय अंगाशी आली. युरोपात तीस वर्षांचे युद्ध पेटलेले, पोपचा ओढा फ्रान्सकडे, त्यामुळे स्पेन नाराज. स्पेनच्या बाजूच्या लोकांनी पोपच्या पत्रिकेतली ग्रहणे शोधून ते लवकरच मरणार असे पसरवायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या मरणाचा हिशेब करणाऱ्याला आपल्या मरणाचा हिशेब ऐकवला की तो घाबरतोच.

या भीतीने काम्पानेल्लाचे नशीब उघडले. कालाब्रियातल्या स्तीलो गावचा हा माणूस पोपच्याच वयाचा, 1568 सालचा. 1600 मध्ये जगात मोठा पालट होणार असे ग्रह सांगतात, या खात्रीने तो 1599 मध्ये स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या कटात सामील झाला आणि पकडला गेला. वेड्याचे सोंग घेतले म्हणून फाशी टळली. ते सोंग आहे का हे पाहण्यासाठी 1601 मध्ये त्याचा सुमारे 40 तास छळ करण्यात आला, तरी त्याने सोंग सोडले नाही. नेपल्सच्या तुरुंगांत 27 वर्षे काढली. तिथेच आदर्श नगरीवरचे त्याचे प्रसिद्ध पुस्तक लिहिले गेले. 1626 मध्ये सुटला तो रोमच्या धर्मन्यायसभेच्या कोठडीत आला. तिथून पोपच्या बंद खोलीपर्यंतचा प्रवास दोन वर्षांचा. पोप ग्रहणातून वाचले, संन्यासी मोकळा झाला.

मग 1629 मध्ये लियोंला काम्पानेल्लाचा ज्योतिषावरचा ग्रंथ छापला गेला आणि त्याच्या शेवटी, त्याला न विचारता, एक छोटे प्रकरण जोडलेले निघाले: ताऱ्यांनी ठरवलेले टाळावे कसे. खोली, पडदे, मशाली, संगीत, सगळे त्यात होते. पोपचे नाव नव्हते, पण रोमला सांगायची गरज नव्हती. हे आपल्याच पंथातल्या वरिष्ठांनी आपला काटा काढण्यासाठी केले, असा काम्पानेल्लाचा आरोप होता. अर्बन संतापले. स्वतःवरचा संशय धुऊन काढायचा, तर ज्योतिष्यांवर कोणीतरी कडक कारवाई करताना दिसले पाहिजे होते.

ती झाली सान्ता प्रास्सेदेवर. नवव्या शतकातल्या मोझेइक चित्रांसाठी आजही पाहिल्या जाणाऱ्या या चर्चला लागून एक मठ होता आणि ओराझिओ मोरांदी हे त्याचे प्रमुख. मोरांदींनी मठात मोठा ग्रंथसंग्रह जमवला होता. त्यात बंदी असलेली पुस्तकेही होती, आणि ती ओळखीच्यांना वाचायला नेता येत. सरदारांची माणसे, कार्डिनलांचे कारभारी, चित्रकार, बातमीपत्रे लिहून पोट भरणारे असे सगळे तिथे येत. पत्रिका मांडल्या जात, ताडून पाहिल्या जात. सर्वांना एकच गोष्ट हवी होती. पोपच्या राज्यात गादी वारशाने जात नाही. पोप मेला की सगळा दरबार बदलतो. पुढचा पोप कोण हे ज्याने आधी ओळखले, त्याने पुढच्या कित्येक वर्षांची सोय केली. त्या रोममध्ये पोपची पत्रिका हा राजकारणातला सर्वांत महागडा कागद होता.

1630 च्या जूनमध्ये सूर्यग्रहण होते. त्याच्या आसपास पोप मरणार असे मोरांदींनी वर्तवले आणि ते रोमभर झाले. स्पेनच्या बाजूच्या कार्डिनलांत नव्या निवडणुकीची कुजबुज सुरू झाली. त्याच वर्षी मे महिन्यात गॅलिलिओ आपल्या नव्या पुस्तकाला छपाईची परवानगी मिळवायला रोममध्ये आले होते आणि जुन्या ओळखीने मोरांदींकडे जेवायलाही बोलावले गेले. लगेच एका बातमीपत्रात आले, की सुप्रसिद्ध गणिती आणि ज्योतिषी गॅलिलिओ इथे आहेत आणि पोपचे पुतणे आणि खुद्द पोप मरणार असे ते सांगतात. गॅलिलिओ हादरले, मित्रांकरवी पोपच्या घरी निरोप धाडून त्यांना आपली बाजू सावरावी लागली.

जून सरला. पोप ठणठणीत होते. जुलैमध्ये मोरांदींना अटक झाली. तोर दि नोना या तुरुंगात ज्या जबान्या झाल्या त्यांत एकेक मोठे नाव येऊ लागले. मठातून कोणी कोणते पुस्तक नेले इथपर्यंत. नोव्हेंबरमध्ये मोरांदी तुरुंगातच वारले. तापाने गेले असे वैद्यांनी लिहून दिले. विषाची बोलवा उठली. पुढे खटला थांबवण्याचा हुकूम खुद्द पोपनेच दिला. तपास पुढे नेला असता, तर तो आपल्याच दरबाराच्या दारात येऊन थांबला असता. मग 1631 मध्ये ते 1 एप्रिलचे आज्ञापत्र निघाले.

पाचव्या सिक्स्टस यांची बंदी आणि ही बंदी शेजारी ठेवली की जे दिसते ते खेदाचे आहे. बासील यांचे मजूर, ऑगस्टीन यांच्या कानावर आलेला तो गुलाम मुलगा, अक्वायनस यांची स्वतंत्र इच्छाशक्ती, यांतले काहीही अर्बन यांच्या मनाला भिडलेले दिसत नाही. पाप म्हणून ज्या गोष्टीला विरोध सुरू झाला, ती आता राजद्रोह म्हणून दंडनीय झाली. नवे कलम होते ते पोपच्या आणि त्यांच्या घराण्याच्या जिवाबद्दलचे. कुणा शेतकऱ्याला साडेसाती सांगून लुबाडणाऱ्याची त्यात चिंता नव्हती.

आणि भाकिते थांबली नाहीत. कार्डिनल चेन्तीनी यांच्या पुतण्याला कोणीतरी सांगितले, की तुझा काका पुढचा पोप आहे. ते घडून यावे म्हणून त्याने काही संन्याशांना हाताशी धरून अर्बन यांचा मेणाचा पुतळा केला आणि तो वितळवण्याचा घाट घातला. 1635 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. काम्पानेल्ला त्याच्या आदल्या वर्षीच फ्रान्सला पळाला होता. पॅरिसजवळच्या सेन-जर्मेन-आं-ले इथे 5 सप्टेंबर 1638 रोजी, नेमक्या त्याच्या वाढदिवशी, पुढचा चौदावा लुई जन्मला, आणि म्हाताऱ्या काम्पानेल्लाला बाळाची पत्रिका मांडायला बोलावणे आले. 1 जून 1639 चे सूर्यग्रहण आपल्याला बाधेल अशी त्याला धास्ती होती. पोपसाठी केला होता तोच विधी त्याने स्वतःसाठी केला आणि ग्रहणाच्या अकरा दिवस आधी, 21 मे रोजी, तो मठातल्या आपल्या खोलीत वारला. अर्बन आणखी पाच वर्षे जगले. 29 जुलै 1644 ला ते गेले तेव्हा पोपपदाची त्यांची एकवीस वर्षे भरत आली होती.

पुढे विद्यापीठांनी ज्योतिष गुंडाळले ते चर्चच्या बंदीमुळे कमी आणि नव्या खगोलशास्त्रामुळे अधिक. विसाव्या शतकात ते परतले वर्तमानपत्रांतून. ऑगस्ट 1930 मध्ये ब्रिटनची राजकन्या मार्गारेट जन्मली, तेव्हा लंडनच्या 'संडे एक्स्प्रेस'ने आर. एच. नेलर यांच्याकडून तिची पत्रिका लिहून घेतली. ती इतकी वाचली गेली की पुढे सदरच सुरू झाले, आणि सूर्यराशीवरून सगळ्या वाचकांना बारा गटांत बसवण्याची पद्धत रूढ झाली. मराठी वर्तमानपत्रांतले साप्ताहिक राशिभविष्यही बारा गटांचेच. बासील यांना ज्या घटकेच्या साठाव्या भागाचा हिशेब मागावा लागला, त्याची गरज या सदराला उरली नाही; एका राशीच्या सगळ्यांचा आठवडा सारखाच जातो.

कॅथलिक चर्चने 1992 मध्ये आपली शिकवण एकत्र करून नवे पुस्तक काढले. त्याच्या 2116 व्या परिच्छेदात पत्रिका पाहणे आणि ज्योतिष्याचा सल्ला घेणे स्पष्ट शब्दांत नाकारले आहे. तारे खोटे बोलतात, असे कारण तिथे दिलेले नाही. काळावर, इतिहासावर आणि शेवटी दुसऱ्या माणसांवर सत्ता मिळवण्याची इच्छा या सगळ्यामागे असते, असे म्हटले आहे. सान्ता प्रास्सेदेच्या मठात ये-जा करणाऱ्या कारभाऱ्यांना नेमके तेच हवे होते: पुढचा पोप कोण हे इतरांच्या आधी कळावे, म्हणजे आतापासूनच त्याच्या दाराशी उभे राहता येईल.